पाव किलोचा संगणक, पाच किलोची मराठी

नाही, पण मी म्हणतो, तक्ता छापावा, जरूर छापावा, छापणाऱ्याचा हात कोण धरणार, परंतु तो छापून सभागृहाच्या दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वृद्ध माणसाच्या हातात "घ्या काका, फ्री आहे" म्हणत कोंबायचा, ही कुठली रीत झाली? फुकट मिळालेल्या वस्तूला नको म्हणण्याचा आमच्या पिढीला सराव नाही. मी घेतला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणापासून माझ्या जपात बिघाड झाला. माळ हातात घ्यावी, डोळे मिटावेत, मणी पुढे सरकवावा आणि ओठांवर काय यावं... अभियांत्रिकी, वाणिज्य, विज्ञान, भाषा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने नामस्मरण करावं की शाखानिहाय सरासरी वेतनाचं पारायण करावं, तुम्हीच सांगा.

प्रसंग असा. आमची नात दिशा बारावी झाली. मराठीत शहाण्णव, गणितात अठ्ठ्याऐंशी, म्हणजे कुठेही जाण्याची वाट मोकळी, आणि वाट मोकळी असण्यासारखं संकट नाही, कारण ज्या घरात पन्नास टक्के मिळतात तिथे शांतता असते, जिथे घेतील तिथे जा, विषय संपला. आमच्याकडे विषय सुरू झाला. आमचे चिरंजीव विनीत म्हणाले, "बाबा, माजिवड्याला करिअर मेळावा आहे, मला सुट्टी नाही, तुम्ही घेऊन जा ना तिला." सूनबाई संचिता पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्हीच न्या. ती तुमचंच ऐकते. आणि बिघडवलंयत पण तुम्हीच."

बिघडवलंयत. शब्द ध्यानात घ्या. मी काय केलं? ठाण्याच्या सरकारी कचेरीत तेहेतीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झालो, इथे कोपरला आमच्या सोसायटीच्या मागे विठ्ठलाचं मंदिर आहे, तिथे दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं, त्यात अभंगाचा अर्थ सांगण्याची सेवा माझ्याकडे आली, आणि चार वर्षांची दिशा माझं बोट धरून तिथे येऊ लागली. सहाव्या वर्षी तिच्या हातात टाळ, दहाव्या वर्षी शंभर अभंग पाठ, चौदाव्या वर्षी भर मंडळीत मला थांबवून म्हणाली, "आजोबा, या चरणाचा अर्थ तुम्ही मागच्या गुरुवारी वेगळा सांगितला होतात." मंडळी हसली. मीही हसलो. मला वाटलं, काय गोड बिघाड आहे. त्याची किंमत तेव्हा कोणी सांगितली नव्हती, ती या तक्त्यात निघाली.

तर मेळाव्याहून परत येताना आम्ही बसमध्ये बसलो, मी तक्ता उघडला. डावीकडे शाखांची नावं, मग नोकरी लागलेल्यांचं प्रमाण, मग तीन वर्षांनंतरचा पगार. सर्वांत वर संगणक, ठळक अक्षरांत, गुलाबी पट्टी. त्याखाली अभियांत्रिकीचे प्रकार, मग वाणिज्य, मग विज्ञान, असं बोट खाली खाली नेत गेलो, नेत गेलो, आणि अगदी तळाशी, जिथे छापखान्याचं नाव असतं त्याच्या जरासं वर, 'भाषा व साहित्य'. तिथवर येईतो शाईसुद्धा फिकी झालेली. वरच्या पगाराचा तिसरा हिस्सा. आणि नेमकं त्याच क्षणी दिशा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणते, "आजोबा, माझं ठरलंय. मी मराठी घेणार. पुढे एम.ए. संतसाहित्यात."

तुम्हाला वाटेल, भजनात जन्म घालवलेल्या आजोबाला हे ऐकून कृतार्थ वाटलं असेल. मला घाम फुटला. मी म्हणालो, "बाळा, संतसाहित्य हे गुरुवारी संध्याकाळी करायचं असतं. सोमवार ते शुक्रवार संगणक करायचा."

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, की याहून मोठी विद्या नाही?"

"विद्या मोठीच आहे."

"मग?"

"मोठी आहे म्हणून तर तिला पोटापाण्याच्या कामाला जुंपायचं नाही."

आता हे वाक्य मला त्या वेळी अतिशय उत्तम वाटलं होतं, पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मान वळवून बघूनही घेतलं, परंतु दिशा खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मी पुढे कोपर येईपर्यंत एकटाच बोलत राहिलो. पांडुरंग साक्षी आहे, मी आवाज चढवला नाही.

घरी आलो तो निश्चय करूनच. मुलगी अल्लड, आईबाप कामात, मग ठाम कोणी राहायचं? मी राहायचं. दुसऱ्या दिवशी तक्त्याला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं आणि देवघराशेजारच्या भिंतीवर लावला, की येता-जाता तिची दृष्टी पडावी. संचिता बघतच राहिली. "बाबा, देवाच्या शेजारी पगार?"

मी म्हणालो, "विद्येचाच भाग आहे."

"मग त्यालाही हळदकुंकू वाहा, म्हणजे वाढेल." सूनबाई गुणी आहे, पण तिच्या जिभेला हाड नाही. विनीत तक्त्यापुढे उभा राहून वाणिज्याच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघत होता. त्याचा स्वतःचा पगार तीन वर्षांनंतर काय होता ते बहुधा आठवत असावा. म्हणाला, "बाबा, मला आमच्या वेळी कोणी दाखवलं नाही हे." आणि कपडे बदलायला निघून गेला. आमच्या घरात तक्त्याचा परिणाम झाला तो एवढाच, ज्याच्यासाठी लावला नव्हता त्याच्यावर.

आणि दिशा? दिशा तक्त्याजवळ गेली, चष्मा वर केला, वाकली, आणि सर्वांत तळाशी मुंगीच्या अक्षरात जे लिहिलं होतं ते मोठ्याने वाचलं. "प्रतिसाद दिलेल्या पदवीधरांच्या माहितीवर आधारित." मग सरळ उभी राहिली. "म्हणजे आजोबा, ज्याला चांगला पगार आहे तो फोन उचलून सांगतो, आणि ज्याला नाही तो फोनच उचलत नाही. आणि हे बघा, भाषेच्या ओळीत उत्तर देणारे किती? अकरा. आपल्या भजनाला पाऊस असला तरी अकराहून जास्त माणसं असतात."

मी म्हणालो, "छापलेलं आहे ते."

"तुम्हीच सांगता ना गुरुवारी, की ऐकीव सांगू नये, स्वतः अनुभवलेलं सांगावं?"

बघा, हे असं आहे. चौदा वर्षं आपण आपल्या हाताने एकेक शस्त्र घासूनपुसून मुलाच्या हाती द्यावं, आणि मग ते आपल्यावरच परजलं गेलं की तक्रार कोणाकडे करावी? पांडुरंग साक्षी आहे, मी आवाज चढवला नाही. मी फक्त म्हणालो, "ठीक आहे. मी अनुभवाचं आणतो. या तक्त्यातली माणसं मला दिसत नाहीत, पण आपल्या मंदिरातली दिसतात. त्यांच्यावरून ठरवू."

पण माणसाला तोंडावर 'तुझा पगार किती' असं विचारायचं कसं? आमच्यात ते असभ्य समजतात. वयाला शोभत नाही. तेव्हा मला युक्ती सुचली, आणि तुम्हाला सांगतो, सुचली तेव्हा ती पांडुरंगानेच सुचवली असं मी समजलो.

आमच्या मंदिरात एक प्रथा आहे. मंडळींपैकी कोणाच्या मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली, की पहिल्या पगाराचे पेढे आधी घरी उघडायचे नाहीत. गुरुवारी भजन झालं की विठ्ठलापुढे ठेवायचे, नैवेद्य दाखवायचा आणि मग वाटायचे. ती वाटण्याची सेवा एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, पुडा हातात घेतला की वजन कळतं मला, तराजू लागत नाही. मी विचार केला, पगार मोठा तर आनंद मोठा, आनंद मोठा तर पेढे जास्त. सरळ त्रैराशिक आहे. पेढ्यांवरून पगार काढू. माणूस खोटं सांगेल, फोन उचलणार नाही, पण देवापुढे ठेवलेला पेढा खोटं सांगेल का?

दिशाला सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. "ठरलं? पेढे सांगतील ते? संगणक पुढे निघाला तर मी मुकाट संगणकाला जाते. मराठी पुढे निघाली तर फॉर्मवर पालक म्हणून तुम्ही सही करायची. शनिवारी शेवटची तारीख आहे."

"ठरलं," मी म्हणालो. पक्का होतो ना मी. मी तिचा हात हातात घेतला तेव्हा मला तिचीच दया आली होती.

बसलो आठवायला. ती समोर, टाळ वाजवायला तीही असायचीच, त्यामुळे तिलाही सगळं ठाऊक. पहिला सर्वेश, आमचे मृदंगवादक रवींद्र यांचा मुलगा, संगणक अभियंता, गुलाबी पट्टीतला. त्याचे पेढे म्हणजे... मी आठवू लागलो आणि माझा चेहरा उतरू लागला. सर्वेश स्वतः आलाच नव्हता. भजन रंगात असताना एक हेल्मेटवाला माणूस मंदिराच्या दारात येऊन ओरडला, "विठ्ठल मंदिर का पार्सल? ओटीपी बोलो." सगळं भजन थांबलं. रवींद्र मृदंग सोडून ओटीपी शोधायला धावले. उघडलं तर पाव किलो. माणसं बत्तीस, पेढे दहा. मी अर्धे, मग पाव, मग नखाएवढे तुकडे करून वाटले, शेवटच्या चौघांना नुसता पुड्याचा वास दिला.

दुसरा कमलेश, वाणिज्याचा पदवीधर, कल्याणला एका व्यापाऱ्याकडे लागला. एक किलो. सगळ्यांना एकेक आला, उरलेले गाभाऱ्यात ठेवले.

आणि तिसरी समृद्धी. गुणाजींची मुलगी. गुणाजी म्हणजे इथल्या मूळ गावातले, वडील मिठागरात राबले, आता जागेवर इमारती झाल्या, गाळ्यांचं भाडं येतं, पण माणूस भजनाला पहिला हजर. समृद्धी एम.ए., मराठी. संतसाहित्य. तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी गुणाजी टेम्पोतून उतरले, दोन्ही हातांत पुडे, मागून त्यांच्या पत्नी शेवंतीबाई, त्यांच्याही हातांत पुडे, आणि दारातूनच, "गुरुजी, वाटा, अख्ख्या गावाला वाटा." पाच किलो. मोजून पाच. मंडळींनी खाल्ले, शेजारच्या दोन चाळींत दिले, दुसऱ्या दिवशी बालवाडीत पाठवले.

दिशाने तीन बोटं वर केली. "संगणक पाव. वाणिज्य एक. मराठी पाच. तक्ता उलटा लावलाय का आजोबा आपण?"

मी म्हणालो, "फेरतपासणी."

"असं नव्हतं ठरलं."

"निवडणुकीत फेरमोजणी असते. नातीच्या आयुष्यात नसावी का?" पांडुरंग साक्षी आहे, मी आवाज चढवला नाही, पण पादत्राणं घालताना डावं उजव्या पायात घातलं, ते जिना उतरल्यावर लक्षात आलं.

गेलो तडक गुणाजींकडे. माझा अंदाज, की समृद्धी नक्की कुठल्या तरी मोठ्या हुद्द्यावर असणार, अपवाद असणार, आणि अपवाद एकदा सिद्ध केला की तक्ता पुन्हा सुलटा. गुणाजी ओट्यावर बसले होते. चहा आला. मी जरा आडून, जरा फिरवून विचारलं, "समृद्धीचं कसं काय चाललंय? काम काय असतं?"

"बँकांचे मेसेज येतात ना फोनवर मराठीन, त्यातल्या चुका काढते. ठाण्याला हापिस हाय."

"मग... तिथे मान-मरातब चांगला असेल."

गुणाजी हसले. "गुरुजी, तुमी पगार इचारताव ना? सरल इचारा ना मग." आणि सांगितला. तुम्हाला सांगतो, तक्त्यात छापला होता त्याहून दोन हजारांनी कमी.

मी म्हणालो, "मग पाच किलो?"

गुणाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "पोर एम.ए. झाली आन पाच वर्सा घरान बसली. रोज अर्ज करायची. कुटं जागा नाय, कुटं वशिला, कुटं नुसता बोलवून परत पाठवाचे. पयल्या वर्सी मी इठोबाला बोललो, देवा, नोकरी लागू दे, एक किलो पेढं देतो. नाय लागली. दुसऱ्या वर्सी बोललो, दोन. मग तीन. देव पन बगत व्हता, मी कुटवर जातंय. मना पगार काय करायचा हाय? गाळ्यांचा भाडा येतोच. पन पोर सकाली खिडकीन बसून रस्ता बगायची ना, ता मना बगवत नव्हता. आता डबा घेऊन जाते. मी रोज ओट्यावर बसून तिची पाठ बगतंय."

मी उठलो. वाटेत कमलेशची आई भेटली, तिला विचारलं, तर तो पदवीनंतर बरोबर एक वर्ष घरी होता, तिनेही एक किलोचाच नवस बोललेला. म्हणजे त्रैराशिक चुकलं नव्हतं, चुकलं होतं ते मी काय मोजतोय ते. पेढा पगार सांगतच नव्हता. पेढा सांगत होता, किती वर्षं वाट बघितली. एका वर्षाला एक किलो. सर्वेशला पदवीआधीच नोकरी लागलेली, त्याच्या घरी कोणी वाटच बघितली नाही, मग नवस कशाचा, म्हणून पाव किलो आणि तोही हेल्मेटवाल्याच्या हाती.

आणि मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. हो, खोटं कशाला बोलू, गुणाजींच्या ओट्यावरून उतरताना डोळे ओले होते आणि दहा पावलांवर मनात म्हणालो, सापडलं. पाच वर्षांचं हे दुःख दिशापुढे ठेवलं की ती आपोआप गुलाबी पट्टीत जाईल. फक्त सोबत एक जिवंत उदाहरण हवं, म्हणून तसाच रवींद्रांकडे वळलो, की सर्वेशला म्हणावं, बाबा रे, एकदा येऊन तिला संगणकाचं महत्त्व सांग.

दुपारचे तीन वाजले होते, वार बुधवार. दार सर्वेशनेच उघडलं. अर्धी चड्डी, हातात मेथीची जुडी. आत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होता. मी म्हणालो, "अरे वा, घरून काम?"

"हो काका," तो म्हणाला, आणि रवींद्र मृदंगाला शाई लावत बसले होते त्यांनी मान आणखी खाली घातली.

मी प्रस्तावना केली, तक्ता, गुलाबी पट्टी, दिशा, शनिवार. सर्वेशने ऐकून घेतलं. मग एक काडी मोडत म्हणाला, "काका, खोटं नाही सांगत. मार्चमध्ये आम्हा चाळीस जणांना एका व्हिडिओ कॉलवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सात मिनिटांत संपलं. माझं तर कॅमेऱ्याचं बटणसुद्धा बंद होतं, रडायचं असेल तर सोय होती."

मी विचारलं, "तक्त्यातला पगार बरोबर आहे का पण?"

"बरोबर होता," सर्वेश म्हणाला.

जिन्यापर्यंत रवींद्र सोडायला आले. चाळीस वर्षं आम्ही एकत्र भजन करतो, त्यांनी कधी माझ्याजवळ घरचं काही काढलं नाही. हळूच म्हणाले, "त्र्यंबकराव, कोणाला बोलू नका. मीही बोललोय आता विठोबाला. दर महिन्याला पाव किलो. तीन पाव झालेत."

आता तुम्हाला सांगतो, तो जिना मी कसा उतरलो. एका खिशात पाच वर्षांची मराठी, दुसऱ्या खिशात तीन महिन्यांचा संगणक, आणि तक्त्यात या दोन्हींना रकानाच नाही. पगाराला रकाना आहे, नोकरीला रकाना आहे, ओट्यावर बसून पाठ बघणाऱ्याला नाही, मेथी निवडणाऱ्याला नाही. आणि अर्धंच सांगावं का हिला? गुणाजींचं सांगावं आणि सर्वेशचं गिळावं? रवींद्रांनी कोणाला बोलू नका म्हटलंच होतं, सोय आयती होती. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, शेजारी तो तक्ता, आणि त्या प्लास्टिकवर दिव्याची ज्योत अशी चमकली की मला मूर्तीपेक्षा तोच ठळक दिसला. उठलो, तक्ता काढला, गादीखाली घातला, आणि दिशाला हाक मारली.

सगळं सांगितलं. गुणाजींचं सांगितलं, शपथ घालून सर्वेशचंही सांगितलं, पेढ्यांचा खरा अर्थ सांगितला. म्हणालो, "पेढ्यांच्या वजनाने तू जिंकलीस. खरं बघितलंस तर हरलीस. पाच किलो म्हणजे पाच वर्षं. आता तूच बोल."

ती म्हणाली, "समृद्धीताईने कधी सांगितलं नाही मला. गुरुवारी माझ्या शेजारीच बसायची, पाचही वर्षं. मला वाटायचं, तिचा आवाज बारीक आहे म्हणून हळू गाते."

मी म्हणालो, "भीती वाटते ना? वाटू दे. चांगलं असतं."

"वाटते," ती म्हणाली. "पण सर्वेशदादाला थांबावं लागतंच आहे ना? फक्त आधी नाही, नंतर. मग थांबायचंच असेल तर मी ज्यात मला कंटाळा येत नाही त्यात थांबेन." आणि मग, तुम्हाला सांगतो, तिने ते विचारलं जे विचारायला नको होतं. अगदी शांतपणे. "माझं जाऊ दे आजोबा. माझी तयारी आहे. गुणाजीकाका थांबले, देवाशी भांडत भांडत थांबले. माझ्यासाठी घरात कोण थांबेल? बाबा पहिल्या वर्षीच तक्ता दाखवतील. तुम्ही थांबाल?"

पांडुरंग साक्षी आहे, इथे मी आवाज चढवला.

"का नाही थांबणार?" मी म्हणालो, आणि असा म्हणालो की स्वयंपाकघरात भांडं पडलं. "पाच वर्षं काय, दहा थांबेन. मी थांबणार नाही तर कोण थांबणार? कोणाची टाप आहे तुला तक्ता दाखवायची? बघतोच."

विनीत बाहेर आला, संचिता कणकेच्या हाताने बाहेर आली, वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, काका, सगळं ठीक आहे ना. आणि विनीत अतिशय सौम्यपणे म्हणाला, "बाबा, म्हणजे मराठी ठरली का?"

आता बघा माझी अवस्था. इतके दिवस मी ठाम होतो, निश्चयाने तक्ता लावला, निश्चयाने दारोदार हिंडलो, एकदाही आवाज चढवला नाही, आणि चढवला तो कोणत्या बाजूने? शनिवारी ठाण्याला कॉलेजात खिडकीपाशी उभा राहून पालक म्हणून सही करताना कारकून बाई म्हणाल्या, "आजोबा, विषय नीट वाचलात ना? नंतर बदलता येत नाही." मी म्हणालो, "बाई, आवाज चढलाय, आता उतरवता येत नाही." त्यांना काही समजलं नाही. दिशाला समजलं, तिने माझी पिशवी घेतली.

या गुरुवारी मंडळींना सांगितलं. मीही विठ्ठलापुढे उभा राहून बोललो, वर्षाला एक किलो. गुणाजी मागून कुजबुजले, "गुरुजी, किलोवर नका जाव, पेन्शन हाय तुमची. अर्ध्यावर बोला, देव समजून घेतो." मी म्हणालो, नाही. एक म्हणजे एक. पण घरी येऊन बोटं मोजली आणि जरा वेळ खुर्चीत बसूनच राहिलो. बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन, त्यापुढे थांबण्याची पाच धरली, तर मी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा.

म्हणून काल पहाटे उठलो, कपाटातले पांढरे बूट काढले, मैदानाला चार फेऱ्या मारल्या, रक्तदाबाची गोळी कोणी आठवण न करता घेतली, संध्याकाळच्या भज्यांना नको म्हटलं. मैदानात रवींद्र भेटले, बघतच राहिले. "काय त्र्यंबकराव, या वयात एकदम व्यायाम?"

म्हटलं, "काय करणार, नातीने भाषा घेतली आहे. मला आता लवकर जाऊन चालणार नाही."